पोस्टातली लिंक

पोस्टातल्या बाईच्या कॉम्प्युटरची लिंक कधी चालतच नाही, असं तुम्ही म्हणता, म्हणून सांगतो. दिवाळीआधी मला फोन आला. "तुमचा नातू नागपुरात पोलिसांनी धरला. सांगतो त्या खात्यात पैसे टाका. कोणाला सांगाल तर पोरगा आत जाईल." मी कापसाचे पैसे घेऊन तडक पोस्टात गेलो.

बाईनं विचारलं, "काकाजी, हे खातं कोणाचं?"

"तुले काय करायचं? नातवासाठी आहे. भर लवकर."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "लिंक नाई. बसा. तवरक नातवाले फोन लावा."

"त्याचा फोन पोलिसाजवळ असन."

"लावून तर पाहा."

फोन नातवानंच उचलला. "आबाजी, मेसमध्ये जेवून राह्यलो. काय झालं?"

मी बाकावर बसलो. तेवढ्यात एक बाई त्याच खिडकीवर पैसे भरून निघून गेली.

"हिची लिंक कशी चालली?" मी विचारलं.

"तिचे हात थरथरत नव्हते, काकाजी."

देवाशिवाय कोणापुढे न जोडलेले हात मी त्या खिडकीपुढे जोडले.