डावीकडची रेघ

...नाही, पण मला एक सांगा, रेघ किती जाड असावी हे कोणीतरी ठरवायलाच पाहिजे की नाही? आपोआप ठरतं का ते? लोक मला म्हणतात, ‘‘येर्नेय, एका रेघेपायी तीन आठवडे?’’ अहो, बारीक ठेवली तर केस पडल्यासारखी दिसते, जाड ठेवली तर कुंपणाचा खांब! मधली बरोबर असते, कबूल... पण ती बरोबर आहे हे कळायला आधी बारीक करून बघावी लागते, मग जाड करून बघावी लागते, मग चार दिवस लांबून बघावी लागते! आणि दिसायला मात्र... काय दिसत होती म्हणून सांगू!

तर रेघ कसली, तेही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा गवंडी आहे. मी लुब्लियानात वेबसाइटी बनवतो. आणि आमच्या धंद्यात मार्कडाउन नावाची एक भानगड आहे. नाव ऐकून घाबरू नका. साधा मजकूर लिहायचा आणि मध्ये मध्ये खुणा टाकायच्या. ओळीच्या आधी जाळीची खूण काढली की त्या ओळीचं होतं शीर्षक, शब्दाला दोन्हीकडून दोन-दोन चांदण्या लावल्या की शब्द ठळक, आणि परिच्छेदाच्या आधी बाणाचं टोक काढलं की तो बाजूला सरकून उभा राहतो, खास काही सांगायचं असल्यासारखा, आणि त्याच्या डावीकडे येते रेघ. बस. लिहिणाऱ्याने खुणा करायच्या, आणि त्या खुणांना कपडे कुठले चढवायचे, शीर्षक केवढं, रंग कुठला, दोन ओळींत हवा किती... ते मी ठरवायचं. शिंपी म्हणा हवं तर. कापड दुसऱ्याचं, शिलाई माझी.

आणि कापड कोणाचं? तर आमच्या बाबांचं!

आमचे बाबा लोव्रो. गाव तिकडे डोंगराच्या पायथ्याशी, गोरेन्स्कात. आता आम्हा गोरेन्स्काच्या लोकांना सगळा देश चिकट म्हणतो. असतील इतर लोक पैशाला चिकट, आमचे बाबा शब्दांना चिकट! माझं लग्न मोडलं तेव्हा मी दोन तास फोनवर बोललो, आणि शेवटी ते काय म्हणाले? ‘‘हं. जेवलास का?’’ संपलं. पण माश्यांबद्दल विचारा! बावीस पेट्या मधमाश्यांच्या, रंगवलेल्या, एकीला निळं दार, एकीला पिवळं, आणि रोज संध्याकाळी वहीत नोंद, कुठल्या पेटीत काय झालं त्याची. गावातल्या मधपाळांच्या मंडळाने मला म्हटलं, आम्हाला वेबसाइटवर एक रोजनिशी करून दे, सगळ्यांनी लिहायची, सगळ्यांनी वाचायची. म्हटलं, देतो की! बाबांना बसवून खुणा शिकवल्या. सत्त्याहत्तराव्या वर्षी, तुम्हाला सांगतो, एका दुपारी शिकले.

आता आमच्याकडची पद्धत अशी, की पहिल्यांदा सगळं सपाट करायचं. ब्राउझर आपल्या मनाने जे कपडे चढवतो ते सगळे उतरवायचे आणि मग आपले चढवायचे. मी उतरवले... आणि चढवायला दोन दिवस उशीर झाला. लगेच बाबांचा फोन.

‘‘येर्नेय, माझे ठिपके कुठे गेले?’’

‘‘कुठले ठिपके, बाबा?’’

‘‘यादीचे. आणि शीर्षक खाली बसलंय. सगळं गव्हाच्या पिठासारखं झालंय.’’

म्हटलं, बाबा, थांबा, असं सजवतो की बघत राहाल! आणि बसलो. नमुना म्हणून एक पान हवं असतं, ज्यात सगळं आहे... शीर्षक, यादी, तक्ता, ठळक शब्द, बाणवाला परिच्छेद. बाबांचं दोन फेब्रुवारीचं पान तसं मिळालं, मेणबत्त्यांच्या सणाचं. त्याच एका पानावर मी कामाला लागलो. शीर्षकाला मधाचा रंग दिला. मधाचा म्हणजे कुठल्या मधाचा? लिंडनचा फिका, चेस्टनटचा काळसर, पाइनचा तर जवळजवळ काळाच! बाभळीचा शेवटी पक्का केला. तक्त्याला एकाआड एक पट्टा. यादीच्या ठिपक्याच्या जागी षट्कोन, पोळ्याच्या घरासारखा, इवलासा! आणि त्या बाणवाल्या परिच्छेदाला डावीकडे रेघ... निळी, वर किंचित गोल, मजकुरापासून बोटभर अंतर. काय दिसत होतं म्हणून सांगू!

मध्ये दर रविवारी बाबांचा फोन यायचा. हे नवीनच. आधी मी करायचो, ते फक्त उचलायचे.

‘‘येर्नेय, ते पान बघतोस ना?’’

‘‘बघतो म्हणजे काय बाबा, रोज तेच बघतोय!’’

‘‘बरं. मग?’’

‘‘मग काय, छानच होतंय!’’

‘‘छान होतंय?’’

‘‘एकदम छान! तुम्ही काळजी करू नका!’’

‘‘बरं,’’ म्हणाले. ‘‘घाई नाही.’’

आता मला सांगा, यात माझं काय चुकलं? म्हातारा माणूस, पानाच्या सजावटीची चौकशी करतोय, मुलाच्या कामाचं कौतुक आहे... मला तर भरून आलं हो! त्या आठवड्यात रेघेला मी हलकीशी सावलीसुद्धा दिली.

मार्चात ग्रेगोरचा सण झाला, पोरांनी ओढ्यात दिव्यांची घरं सोडली असतील, मी गेलो नाही, काम होतं. पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. म्हटलं, पडले असतील कामात, वसंत सुरू झाला.

एप्रिलमध्ये लुब्लियानात आमच्या धंद्यातल्या लोकांची एक बैठक असते, तिथे मला बोलायला बोलावलं. विषय, ‘मजकुराला कपडे कसे घालावेत’. चाळीस माणसं, भिंतीएवढा पडदा, आणि पडद्यावर बाबांचं पान. मी बोलतोय, रेघेवर आलोय, बारीक आणि जाड दोन्ही दाखवतोय, लोक माना डोलावतायत... दिसायला मात्र, तुम्हाला सांगतो, त्या पडद्यावर काय दिसत होतं!

तर मागच्या रांगेतून एक मुलगी हात वर करते. नेझा नाव तिचं, नंतर कळलं.

‘‘एक प्रश्न होता.’’

‘‘विचारा ना! रंगाबद्दल?’’

‘‘नाही. तुम्ही त्यांना काय सांगितलंत?’’

‘‘कोणाला?’’

‘‘वडिलांना.’’

 मी मागे पडद्याकडे वळलो. आणि पहिल्यांदा... अहो, हसू नका, पहिल्यांदा! तीन आठवडे ज्याच्या डावीकडे मी रेघ ओढत होतो, तो परिच्छेद वाचला. चार ओळी होत्या.

‘येर्नेय, गुडघे संपले. माश्या तुला हव्या असतील तर ग्रेगोरच्या सणाआधी ये आणि सांग. नको असतील तर श्टेफ्काला देतो. नाही म्हणालास तरी राग नाही. पण सांग.’

आणि बैठकीच्या त्या दिवशी तारीख होती बावीस एप्रिल, ग्रेगोरचा सण होऊन महिना उलटलेला.

पुढे मी काय बोललो आठवत नाही. म्हणे, मी म्हणालो, ‘‘रेघ बदलता येते.’’ आणि खाली उतरलो.

गाडी काढली ती थेट गावाला. बाबा दारासमोरच्या बाकावर, गुडघ्यांवर घोंगडी. मागे माश्यांचं घर, पेट्या मांडायचं. निळ्या दाराच्या, पिवळ्या दाराच्या पेट्या गेलेल्या, नुसती रिकामी फडताळं. माश्यांचा आवाज नाही हो! जन्मल्यापासून त्या अंगणात मी आवाजाशिवाय कधी उभाच राहिलो नव्हतो.

‘‘बाबा, मी वाचलं नव्हतं.’’

‘‘काय?’’

‘‘ते पान. मी वाचलंच नव्हतं.’’

त्यांनी घोंगडी सारखी केली. मग म्हणाले, ‘‘रोज तुझं नाव दिसायचं की वर. येर्नेय बघतोय. सकाळी बघतोय, जेवायच्या वेळी बघतोय.’’ ही सोय मीच केलेली, कोण कुठलं पान बघतंय ते वर दिसायची! ‘‘मला वाटलं, विचार करतोय पोरगा. विचार करणाऱ्याला ढोसू नये. तरी विचारलं मी, मग? तर म्हणालास, छान होतंय. मला वाटलं, श्टेफ्काला देतोय ते छान होतंय म्हणतोस.’’

‘‘मी रेघेबद्दल म्हणत होतो, बाबा!’’

‘‘कुठली रेघ?’’

दिसलीच नव्हती त्यांना! चष्मा लावून लिहायचे, वर माझं नाव बघायचे आणि बंद करायचे, लिहिलेलं पान पुन्हा उघडायचेच नाहीत!

आणि श्टेफ्कामावशी? शेजारची, गावची जुनी पोस्टवाली. तिच्याकडे असा फोन, की त्यावर माझी सजावट उमटतच नाही. रंग नाही, षट्कोन नाही, रेघ नाही, नुसत्या जाळ्या, चांदण्या आणि बाण! त्या काट्याकुट्यांतून तिने वाचलं, दोन फेब्रुवारीलाच वाचलं, आणि ग्रेगोरच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी हातगाडी घेऊन उभी. मी गेलो तिच्याकडे. तिथे आवाज होता. कुंपणापासूनच ऐकू आला आणि माझे डोळे भरले.

‘‘मावशी, मला हव्या होत्या गं.’’

‘‘मग बोलायचं होतंस! चाळीस वर्षं लोकांची पत्रं पोचवली मी. पत्र पोचलं की माणूस ते उघडतो असं समजून चालले होते. आणि तू? पाकिटाला इस्त्री करत बसलास!’’

‘‘परत देशील?’’

‘‘बसल्या त्या इथे. आता हलवायच्या नाहीत.’’ मग जरा मऊ झाली. ‘‘जूनमध्ये नव्या घराच्या शोधात मोहोळ उठेल एखादं. पकडलंस तर तुझं. दर शनिवारी येत जा, हात बसव.’’

गेलो हो! दर शनिवारी गेलो. धूर धरला, चौकटी पुसल्या, डंख खाल्ले, एक पापणीवर. बाबा घोंगडी घेऊन तिच्या अंगणात येऊन बसायचे आणि तिथून, ‘‘हळू! अरे, ते भांडं नाही, घर आहे त्यांचं!’’ जन्मात बोलले नव्हते इतके शब्द माझ्याशी बोलले. मी मनात म्हणायचो, हे घरच्या अंगणात, आपल्या पेट्यांपाशी झालं असतं... एका ‘हो’चं काम होतं, ते सांगायला फोन होता, गाडी होती, पाच आठवडे होते.

आणि जूनमध्ये, लिंडन फुललेला, मोहोळ उठलं! खरंच उठलं! लिंडनच्या खालच्याच फांदीला लोंबलं, दाढीसारखं. मावशी ओरडली, ‘‘शिडी! पेटी!’’ मी धावलो. शिडी लावली, पेटीचं झाकण काढलं, एक पायरी चढलो, उतरलो, पुन्हा चढलो... आणि गेलं. एकदम वर, चर्चच्या कळसावरून पलीकडे, टेकडीमागे. एक माशी मागे राहिली नाही.

 संध्याकाळी बाबांनी रोजनिशीत लिहिलं. मी तिथेच उभ्या उभ्या उघडलं आणि वाचलं, पहिल्या अक्षरापासून.

‘आज मोहोळ उठलं आणि गेलं. थांबलं होतं बराच वेळ. येर्नेय शिडी सरळ करत होता.’