काशिरामदादा काही विकत नाहीत

...नाही, पण मला सांगा, ज्याला विकायचंच नाही त्याने रोज भाव तरी कशाला बघावा? पण आमच्या खांदा कॉलनीतले काशिरामदादा, सकाळपासून टीव्हीसमोर! खाली ती तांबड्या आकड्यांची पट्टी पळतेय आणि इकडे दादांची नजर तिच्यामागे. अमेरिकेत कुठलीशी बँक बुडाली आणि आमच्या या मूळच्या गव्हाणच्या माणसाची कपबशी हातातच राहिली. चहा निवायचा, साय धरायची, दादा तसेच बसलेले.

कारण तुम्हाला सांगतो, पोरीच्या, म्हणजे विनिताच्या लग्नाचा सगळा पैसा त्यांनी एकाच बँकेच्या शेअरांत घातला होता. का, तर बँकेला काय होतंय? एवढी काचेची इमारत, एसी, दारात बंदूकवाला... बरं, भाव पडायला लागल्यावर तरी विकावेत? त्यांचा ब्रोकर कमलाकर फोनवर रडकुंडीला आलेला, ‘दादा, निघा आता, अजून पडेल,’ तर दादा म्हणतात, ‘एकदा इकून बसलो, आता इकनार नाय.’

त्याचं असं, गव्हाणची भातशेती यांनी घाईघाईत विकली आणि त्यानंतर तिथला भाव असा काही चढला, की त्या रस्त्याने जाताना दादा अजून मान दुसरीकडे वळवतात. तेव्हाच शपथ घेतली, हातातलं सोडायचं नाही. अहो, शेत कुठे जात नाही, जागेवर राहतं. शेअर राहतो का? पण सांगणार कोण...

मग नेमकी त्याच बँकेबद्दल आवई उठली. शाखेबाहेर पैसे काढायला ही रांग. दादाही तिथे, पण काढायला नव्हे, लोकांना घरी पाठवायला. ‘ओ मास्तर, कशाला काढताय? काय नाय होत. जावा घरी.’ मास्तर म्हणाले, ‘तुम्ही बँकेचे कोण?’ ‘मालक हाय थोडासा.’ असं एकेकाला विनवत पुढे जातात, तर रांगेत पासबुक पदराखाली धरून कोण? सोनाबाई. दादांची सख्खी बायको! ‘तूपन काडतेस?’ ‘माज्या भाजी इकल्याचे पैशे हायेत ते. तुमी तुमची बँक सांभाला, नायतर इका ते शेअर.’ आता सगळी रांग बघतेय, आणि दादा एवढंसं तोंड करून, ‘एकदा इकून बसलो, आता इकनार नाय...’

बँक नाही बुडाली हो. पण शेअर निम्मे झाले, निम्म्याचे निम्मे झाले. लग्नाचा वैशाख जवळ आला. चिरनेरच्या व्याह्यांनी फोनवर विचारलं, तयारी कशी काय? ‘जोरात हाय,’ दादा म्हणाले, आणि फोन ठेवून घाम पुसत बसले. कमलाकरचा सूर आता बदललेला, ‘दादा, आता मात्र हलू नका, याच्या खाली जात नाही.’ दादांनाही तेच हवं होतं. पण विनिता जवळ येऊन बसली. म्हणाली, ‘बाबा, हळदीला गावजेवण नको. आपण कोर्टात सह्या करू.’

आगरी माणसाची पोर, आणि हळद नाही? दादा उठून आत गेले, डोळे पुसले आणि फोन लावला. ‘कमलाकर, इक.’ ‘अहो दादा, आत्ता? किती?’ ‘सगले.’

हळद मात्र दणक्यात झाली. गाव जेवलं, ताशा वाजला, रविवारी लग्न लागलं. आणि सोमवारी? निवडणुकीचा निकाल लागला होता, बाजार उघडला तो असा उसळला, की एवढी उसळी नियमात बसेना म्हणून उघडताक्षणी बंद करावा लागला. दादा मांडवाचे बांबू सोडवत होते. कोणीतरी जाऊन सांगितलं. ऐकून शांतपणे म्हणाले, ‘मी इकले ना, मंग वाडनारच.’

तर आता ब्रोकरबुवा दर सोमवारी दादांकडे चहाला येतात. शेअर घ्या म्हणत नाहीत, काही नाही. हळूच विचारतात, ‘दादा, विकायला काही काढताय का? आधी मला सांगा.’ परवा दादा म्हणाले, ‘जुनी स्कूटर हाय बाबा, चालत नाय.’

घेतली हो त्याने.