बाबांना दिसलेला हात

हसू नका, पण सोळा वर्षं फौजेत काढून मी या वयात परत विद्यार्थी झालो, ट्रेन चालवायला शिकायला. आमची आंब्याची बाग रुळाला लागूनच आहे. पहिल्यांदा इंजिनात बसायचं ठरलं, तेव्हा रत्नागिरीहून बाबांना फोन केला.

"उद्या सकाळी बागेच्या दगडी कुंपणापाशी, गडग्यापाशी उभे राहा. मी हात करीन."

"नक्की ना? सुट्टीला येतो येतो म्हणून कितीदा फसवलंयस!"

सकाळी इंजिनात चढलो, तर शिकवणारे ड्रायव्हरसाहेब डावीकडे आणि मी उजवीकडे. आमचा गडगा नेमका डावीकडे! साहेबांना नुसतं विचारलं असतं, तर त्यांनी क्षणभर उठू दिलं असतं. पण फौजेत कधी सुट्टीसुद्धा तोंड उघडून मागितली नाही, तीच खोड. सिग्नलवर नजर ठेवून बसलो.

"कोणीतरी म्हातारे टोपी हलवतायत बघ," साहेब म्हणाले आणि त्यांनीच हात केला.

संध्याकाळी खरं सांगायचं ठरवूनच घरी फोन लावला.

"दिसलास हो!" बाबा आधीच सुरू झाले. "मस्त हात केलास. सगळ्या वाडीत सांगून आलो."

मी म्हटलं, "हो."

तेव्हापासून बाबा रोज गडग्यापाशी जातात, आणि भली माणसं, प्रत्येक ड्रायव्हर त्यांना हात करतो. परवा मी हॉस्टेलवर तापाने फणफणून पडलो होतो. बाबांचा फोन आला.

"आज बघितलं तुला. तब्येत सुधारली हो तुझी."