माह्या फोटोले चंदनाचा हार

बसा. आता आलेच आहा त बसा, पन मले पुन्हा सांगाले लावू नका... सकाळपासून तिसरी टोळी आहे ही! पांढरे कपडे घालून आले, दार मीच उघडलं, अन् दचकले तुम्ही! तुम्हाले सांगतो, मी जिता आहो. पायजे त चिमटा घेऊन पाहा.

काय झालं म्हनता? अहो, नातू माहा, विहंग! केस कमरेपर्यंत, काळ्या बनियानवर कवटी. चार पोट्ट्यांचा मेटल बँड. बीरगांवच्या एका शेडमध्ये बोंबलत. बाजूले लोखंडाचा कारखाना, कोनता आवाज कोनाचा, कोनाले समजते? मग याचा गळाच बसला. समता कॉलोनीतला डॉक्टर म्हने, "छे महीना चिल्लाना बंद." झालं! गिटारी घेऊन माह्या ओसरीत येऊन बसले. "आजोबा, अब धीरे-धीरे गाएंगे. लोकगीत. मौतवाले, पर हँसीवाले." हव, म्हनलं, गा बाबा... पन चहा मागू नका.

अन् गानं कोनतं काढलं? शांताचं! माही बायको. मी रेल्वेतून रिटायर होऊन घरी बसलो, तवा मले चिडवाले तिनंच रचलं. तांदूळ निवडता निवडता म्हने. विहंगच्या जुन्या मोबाइलमध्ये तिच्याच आवाजात भरून ठेवलेलं होतं...

मेला वं बाई, म्हातारा मेला,
तेरवीच्या पंगतीत पैला आला!
एक लाडू तोंडाले, एक खिशाले,
पथ्य आता कायले!

आता मले सांगा, एवढ्यावर थांबावं का नाही? नाही! पोट्ट्यानं सदर बाजारातून चंदनाचा हार आनला, माह्या फोटोले घातला, अन् तोच फोटो गान्यावर लावून मोबाइलवर सोडला! काहून रे? "डार्क ह्यूमर है, आजोबा." आमच्या मंडळाच्या बाबारावनं हार पाहिला, गानं आयकलंच नाही, अन् सगळ्या ग्रुपवर... भावपूर्ण श्रद्धांजली! मी म्हनलं, "बाबाराव, मले एक फोन करून विचाराचं ना!" त म्हनते, "मेलेल्या मानसाले फोन कसा करू?" तुम्हाले सांगतो, मी जिता आहो, पन मलेच साक्षीदार पायजे!

विहंग रडकुंडीले आला. "आजोबा, गाना हटा देता हूँ." तोंडातून हो निघतच होतं... पन गान्याच्या शेवटी ते हसते ना. शांता. पोट्ट्यांनी तिथं गिटारी थांबवल्या, नुसतं तिचं हसनं ठेवलं. चार वर्षांनी आयकलं मी. हटवलं त तेही जाईन. राहू दे, म्हनलं. मेलो त मेलो. येऊ दे लोकाइले, उघडतो दार.

विहंगनं माफी मागितली. बाबारावनं त पायच धरले. एकीची राहिली. ओळीओळीत मले मारलं, पंगतीत बसवलं, अन् सोता माह्या आधी निघून गेली... मी अजून जिता आहो, अन् माफी मागाची राहिली ते शांता.