नावं पळवणारं घर

"घुमी शे वं माय ती, पहिल्याच दिवशी समजी गयं... आखाजीले माहेरी धाडसूत, मंग आनानी घाई नई."

हे आमच्या सासूबाईंचं, मालतीबाईंचं, गुपचूप बोलणं. गुपचूप म्हणजे, तुम्हाला सांगते, त्या शेजारच्या प्रमिलाबाईंशी नळावर बोलत होत्या आणि मी घरात पडद्यामागे भाकरी थापत होते, तरी शब्दन्‌शब्द ऐकू आला. सुरतेच्या गोडादऱ्यात आमच्या भिंतीला भिंत लावून लूमचा कारखाना आहे ना, त्या खटखटीत जन्म काढलेली ही माणसं, यांची कुजबुज बारडोलीच्या उसापर्यंत जाते. अशा घरात माझ्यासारखी हळू बोलणारी आली की मुकीच ठरणार, नाही का? मी विचारते, "मामंजी, भाजी वाढू?" मामंजी म्हणतात, "ही बोलत का नाही?"

आणि परत आणायची घाई नाही म्हणजे काय, कळलं ना... नवरा सुरतेत, बायको गावाकडे शेण काढत. आमच्या खान्देशातल्या कितीतरी जणी अशाच राहिल्यात. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, गेल्या त्या गेल्या.

पहिल्याच दिवशी समजलं म्हणे. काय समजलं? पहिला दिवस यांनी बघितला कुठे? उंबऱ्यावर उभी होते, माप पुढ्यात, लग्नाआधी महिनाभर घोकलेला उखाणा ओठांवर... तोंड उघडलं, तर सासरे, बळीरामबुवा, म्हणाले, "ऱ्हाऊ दे ते नाव-बिव, शिफ्ट निघून जाईल, ओलांड." ओलांडलं. झाली सुरुवात. सुरवातमा काय ऱ्हास?

सुरुवातीत असतं काय, हे वाक्य या घराचं कुलदैवत आहे. यांच्या कारखान्याला सुट्टी असली, भिंतीपलीकडचा सुरूच असतो, की व्हीसीआर भाड्याने येतो, गल्ली गोळा होते, शेंगा फुटायला लागतात, आमचे हे कॅसेट घालतात, पडद्यावर पहिलं नाव उमटायचा अवकाश, की सासरे गरजतात, "वाल्मिक, पुढे घे, सुरवातमा काय ऱ्हास? नावंच ऱ्हातस!" आणि हे बटण दाबतात.

अहो, नावांच्या मागे कोणी तरी जगतंय-मरतंय की! पिक्चर काढणारा काय वेडा आहे? अंधार, कंदील आणि कुत्रं रडलं, की भूत. बंदरावर पेट्या उतरल्या आणि पिपाणी वाजली, की स्मगलर. आणि ज्या बापाने नावं चालू असताना पोराला खांद्यावर घेऊन गाणं म्हटलं, तो बाप नावं संपेपर्यंत जगत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण हे सगळं पळवायचं, आणि मग तीन तास एकमेकांना विचारायचं, "हा कोण? ती का रडते?" हीच माणसं कारखान्यात नवा ताका लावला की पहिलं वीतभर कापड डोळ्यांत तेल घालून बघतात. एक तार चुकली तर माग थांबवतात, नाहीतर अख्खा ताका वाया जाईल म्हणून. तिथे कोणी म्हणत नाही, सुरवातमा काय ऱ्हास?

तर, नळावरचं ते बोलणं ऐकलं त्याच दुपारी पिक्चर लागला. नावं पळाली. पण पळतानाही दिसतं हो, बघणाऱ्याला... एक पूल, दोन भाऊ, पांढऱ्या शर्टातल्याने दुसऱ्याला नदीत ढकललं, आणि लोक जमल्यावर पुतण्याला पोटाशी धरून छाती पिटली. मी स्वयंपाकाच्या पडद्यामागून बघितलं. बाकीचे शेंगा सोलत होते.

पुढे काय विचारता. तो काका पुतण्याला वाढवतो, दूध पाजतो, शाळेत घालतो, आणि इकडे मालतीबाई पदराने डोळे पुसताहेत, "अस्सा दीर मिळायला नशीब लागतं." प्रमिलाबाई म्हणतात, "देवमाणूस शे." देवमाणूस! मी पडद्यामागे पदर दातांत धरून बसलेली. शेवटी हिरोने काकाची गचांडी धरली आणि सासरे उठूनच उभे राहिले, "अरे, ज्याने वाढवलं त्यालाच मारतो? याला कोणी वळण लावलं नाही वाटतं." सासूबाई म्हणाल्या, "आजकालची पोरं अशीच. पहिल्यापासूनच मेल्याचं तोंड मला घुमं वाटलं."

घुमं. झालं, इथेच मी दातांतला पदर सोडला.

आणि लाइट गेली. टीव्ही गेला, पंखा गेला, आणि भिंतीपलीकडचे सगळे लूम एकदम थांबले. तुम्हाला सांगते, गोडादऱ्यात अशी शांतता मी तोपर्यंत ऐकलीच नव्हती. त्या शांततेत मी पडद्याबाहेर आले आणि माझ्या नेहमीच्याच आवाजात बोलले, तर अख्खी गल्ली वळून बघायला लागली, जशी काही भिंतच बोलली.

मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, त्या काकानेच बापाला पुलावरून ढकललं, तुम्ही नावं पळवत होता तेव्हा. आणि आखाजीला मी जाईन, पण आठ दिवसांत परत येईन, आणायला कोणी आलं नाही तरी येईन, नंदुरबारहून सुरतेची गाडी मला ठाऊक आहे. नाहीतर पुढच्या सुट्टीला तुम्ही पुन्हा कुठल्या तरी खुन्यासाठी रडत बसाल, आणि घरात सांगणारं कोणी नसेल."