दोन्हीकडं सारखं

तुमसरच्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर दोघं बोलत होती.

“अतुल, दवाखान्याचा नवा सर्व्हर जुन्याले जोडला ना?”

“जोडला जी, मॅडम. एकातलं सगळं दुसऱ्यात उतरून राहिलं.”

“कोणातलं कोणात?”

“जुन्यातलं नव्यात. तसंच टाकलं असन. लाइट जाऊन येऊन राहिली होती, घाई झाली.”

“असन काय? नवा तर कोरा आहे! उलटं झालं तर जुनंही सगळं जाते. दवाखान्यात बसलेल्या विनोदले फोन लाव.”

“विनोद, दोन्ही सर्व्हर पाहून सांग बरं… सारखे झाले म्हन्ते, मॅडम!”

“पेशंटची नावं किती दिसतात, ते विचार.”

“नावं किती आहेत, विनोद?… मॅडम, दोन्हीकडं एकही नाही म्हन्ते.”

“जुन्याची वेगळी कॉपी तरी काढून ठेवली होती?”

“तेच तर करून राहिलो होतो, मॅडम.”