डावीकडचं अक्षर

— नाही नाही, तो तक्ता तुमच्यासाठी नाही, साहेब, त्याच्याकडे बघून घाबरू नका. तुमचा तक्ता हा समोरचा, साधा. पलीकडच्या भिंतीवरची अक्षरं हिब्रू आहेत, आणि ती वाचता आली नाहीत म्हणून मी काही कुणाच्या गळ्यात जाड भिंगं मारत नाही. हनुवटी टेका. इथे, या खोबणीत. कपाळ पट्टीला लागू द्या — हां. आता बोलायचं नाही. बोललं की हनुवटी हलते, हनुवटी हलली की नंबर चुकतो. मी विचारीन तेव्हा नुसती बोटं दाखवा. पहिलं भिंग बरं की दुसरं? दोन. छान. आता हे? एक. वा, तुम्ही चांगलं गिऱ्हाईक आहात, बहुतेक लोक इथे निबंध सांगतात. माझ्याकडे एक जहाजाचा कप्तान यायचा, त्याचा एक डोळा काचेचा. झोपायला जाताना तो डोळा काढून सुकाणूपाशी ठेवायचा, म्हणजे खलाशांना वाटावं कप्तान बघतोय. एके दिवशी हा माणूस येऊन म्हणतो, काचेच्या डोळ्याचाही नंबर काढा, हल्ली त्याला लांबचं अंधूक दिसतं, खलाशी सोकावलेत. मी काढून दिला. आणि फरक पडला, साहेब! — हसू नका, हनुवटी.

ही गोष्ट मी गावभर सांगितली, सगळे हसले, फक्त भावजी हसले नाहीत. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, त्यामुळे थापेवरही त्यांचा इलाज घड्याळजीचाच. मी कसलीही गोष्ट रंगवून सांगितली की मान तिरकी करून एवढंच विचारतात, तेव्हा वाजले किती होते? बस्स. आता मला काय माहीत किती वाजले होते! मी म्हणतो चार, ते म्हणतात चारला तर ओहोटी होती, जहाज धक्क्याला कसं — आणि माझी गोष्ट तिथेच बसते, हवा गेलेल्या चाकासारखी. लहानपणापासून मी या माणसाशी हरत आलोय. ताईचं लग्न झालं तेव्हा मी बारा वर्षांचा, मांडवातच पहिल्यांदा हरलो असेन. — हे भिंग? सारखंच वाटतं? मग मूठ दाखवा.

तर ती अक्षरं. ताई गेली, त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, नोकरीसाठी दूर गेली, आणि भावजींच्या हातात रिकामा वेळ आला. दुसरा कुणी बागकाम करेल, यांनी शास्त्र, म्हणजे बायबलचा जुना करार, मुळातून वाचायला घेतलं. वाचनालयात एक निवृत्त बाई हिब्रू शिकवायच्या, तिथे स्वतःही गेले आणि मलाही ओढून नेलं, म्हणे तुझ्या थापांना जरा जुना माल मिळेल. आणि मिळाला की! त्या भाषेत आकडे वेगळे नाहीत, साहेब, अक्षर तेच आकडा. आलेफ म्हणजे एक, बेत दोन, असं करत मेम चाळीस, पुढं शेकडे. मग प्रत्येक शब्दाला बेरीज आली. बाप लिहायचा तर आलेफ आणि बेत — तीन. आई, आलेफ आणि मेम — एकेचाळीस. आणि मूल या शब्दाची बेरीज किती? दहा, तीस, चार. चव्वेचाळीस. बाप अधिक आई. भावजींनी हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा कागद तसाच ठेवून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, बराच वेळ. मी थट्टा करणार होतो, नाही केली.

तेव्हापासून दर शुक्रवारी दुकान बंद करायच्या वेळी ते इथे येतात. एकच शब्द घ्यायचा. त्याचा मूळ अर्थ काय, बेरीज किती, तेवढ्याच बेरजेचा दुसरा शब्द कुठला, आणि दोघांचं नातं काय लागतं, यावर भांडायचं. सात आला की पूर्णता, चाळीस आला की कसोटी — जलप्रलयाचा पाऊस चाळीस दिवस, वाळवंटातली भटकंती चाळीस वर्षं. मी भलतंच काहीतरी जुळवून द्यायचो, ते शांतपणे मोडून काढायचे. बारीक छपाईचं पुस्तक, डावा डोळा त्यांचा मुळातच अधू, म्हणून उजव्याला घड्याळजीचं भिंग चिकटवून वाचायचे. आणि निघताना स्टुलावर चढून हे भिंतीवरचं घड्याळ लावून जायचे. माझं घड्याळ आठवड्याला दोन मिनिटं मागं पडतं, ते त्यांना सहन व्हायचं नाही. — आता वर बघा. खाली. बरं.

गंमत काय झाली, की मी जिंकलो. पाप हा शब्द होता. त्याचा मूळ अर्थ नेम चुकणं — गोफणीतून दगड सुटला आणि लागायचा तिथे लागला नाही, एवढाच. मला तर फार बरं वाटलं हे ऐकून, वाटलं आपण एवढे काही वाईट नाही, आपला नेम वाईट. भावजी आठवडाभर विचार करून आले होते. म्हणाले, पापाची बेरीज सतरा, आणि 'चांगलं' या शब्दाचीही सतरा. म्हणजे माणूस चांगलं करायला जातो तिथंच त्याचा नेम चुकतो. अर्धा तास बोलले, आणि काय सुंदर बोलले! मी सहज पुस्तकात बघितलं, तर अक्षरं तीन. आठ, नऊ, आणि शेवटी आलेफ. आलेफला स्वतःचा आवाज नसतो, मुकं अक्षर, पण मोजताना एक धरावाच लागतो. अठरा! मी म्हटलं, भावजी, अठरा, आणि अठरा म्हणजे तर 'जिवंत', सगळा डोलारा बदलला. त्यांनी पुस्तक हातात घेतलं. बघितलं. मग मान डावीकडे वळवली — अशी, जरा जास्तच — आणि म्हणाले, होता की. हा होता की इथे. मी तर स्टुलावरच चढलो, घड्याळ मी लावतो म्हटलं आज, विजेत्याचा मान!

पुढच्या शुक्रवारी पुन्हा जिंकलो. त्याच्या पुढच्याही. आता हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणजे शब्दाचं शेवटचं अक्षर डावीकडे. आणि भावजींचं दर वेळी तेच अक्षर सुटायचं. मधलं कधी नाही, पहिलं कधी नाही. माझ्या हे जरा उशिरा लक्षात आलं, म्हणजे गेल्याच — बरं, गेल्याच आठवड्यात नाही, महिना झाला असेल. — हे बघा, आता समोर बघत राहा, मी बाजूनं बोट आणतो, दिसलं की हात वर करा. दिसलं. या बाजूनं? दिसलं. तुमचं सगळं शाबूत आहे, काळजी नको. एवढंच करायचं असतं. दोन मिनिटांचं काम. चष्मेवाल्याला हे झोपेतही कळतं — माणूस पानावर मान वळवून अक्षर शोधायला लागला, की त्या बाजूची नजर विझत चाललीय. काचबिंदू म्हणतात त्याला. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं खात येतो. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंब घालून वाचवता येतं, मात्र वेळेवर. मी डॉक्टर नाही, पण इस्पितळाला चिठ्ठी देता येते मला. रोज देतो लोकांना. तुम्हालाही दिली असती.

मान वळली तेव्हाच कळलं होतं. पहिल्याच दिवशी. आता तुमच्याशी काय खोटं बोलायचं, तुम्ही तर बोलतही नाही. स्टुलावर चढताना मला माहीत होतं. म्हटलं, पुढच्या शुक्रवारी सांगू, आज जिंकलोय तर आज राहू दे. माणसाला एक शुक्रवार मिळू नये का? मग दुसरा आला. आणि तिसऱ्याला त्यांनी स्वतःच विचारलं, साहेब. भिंग काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "तू एवढे डोळे बघतोस. माझे डोळे तर नाहीत ना रे?" सरळ विचारलं. आणि मी म्हटलं, "तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत, भावजी." का म्हटलं? मीही विचार करतो. डोळे गेले असतील तर मी एका आंधळा होत चाललेल्या माणसाला हरवलं. डोळे ठीक असतील तर मी भावजींना हरवलं. एवढाच फरक. एवढ्यासाठी.

पण त्यांनी त्यावरून काय हिशेब मांडला ते ऐका, तो माणूस अर्धवट काही सोडत नाही. डोळे चांगले, तरी अक्षरं सुटतात — म्हणजे डोकं गेलं. झालं. भाचीला फोन करून सांगितलं, मला विसर पडायला लागलाय, एकट्यानं राहणं बरं नाही, तू येऊन ने. परवा ती नेणार आहे. तिकडे चौथ्या मजल्यावर एक खोली, आणि दिवसभर कुणीतरी सोबत ठेवणार म्हणे, हात धरून फिरवायला. ज्या माणसाचं डोकं अजून माझ्यासारखे सहा जण गिळून वर ढेकर देईल, तो बसणार तिथे आपल्या विसराळूपणाला जपत. आणि मी काय केलं? त्यांच्यासाठी जाड भिंग मागवलं. या खणात आहे. म्हटलं भेट देऊ. म्हणजे जाईपर्यंत कुणाला काही — हे बरं की ते? अहो, मी काही लावलंच नाही अजून, दोन काय दाखवता. राहू दे.

आज येतायत. त्यांचा मोठा शब्दकोश घेऊन, मला द्यायला. कालच सांगितलं, आता तो तुझ्याकडे शोभेल, तू पुढे गेलास. त्यात ताईची केसांतली पिन आहे कुठेतरी, ती गेल्यापासून भावजी तीच खूण म्हणून घालतात. तो मी घ्यायचा. घ्यायचा आणि कपाटात ठेवायचा आणि गिऱ्हाइकांना सांगायचं, हा मी जिंकला.

ऐका. जिन्यावर. ऐकलंत ते घासल्यासारखं? कठड्याला हात लावून येतायत. गेली सतरा-अठरा वर्षं त्या कठड्याला त्यांनी बोट लावलेलं मला आठवत नाही. आणि गेल्या शुक्रवारी दारात उभं राहून मला म्हणाले, वाजले किती? मी त्या वेळी काहीच सांगत नव्हतो, साहेब. ना कप्तान, ना जहाज. एक शब्द बोललो नव्हतो. घड्याळ त्यांच्या डाव्या अंगाला, हातभर अंतरावर, त्यांनीच वर्षानुवर्षं लावलेलं. मी हसून म्हटलं, भावजी, आज थाप मारायच्या आधीच पकडलंत.

उठा. नाही, झालं नाही तुमचं, पण उठा. नंबर उद्या काढू, पैसे नकोत, ही खुर्ची मला आत्ता मोकळी हवी. छत्री विसरू नका. आणि एक करा, दारातून जाताना त्यांच्या उजवीकडून जा, डावीकडून गेलात तर दचकतील.

— या, भावजी. सव्वापाच. घड्याळ तुमच्या डाव्या हाताला आहे, नेहमीच्या जागी. नाही, पुस्तक नका देऊ मला. खाली ठेवा ते. आधी इथे बसा. हनुवटी टेका.